बडोद्यात घर शोधताना

बडोद्याविषयी वाईट बोलणारा मराठी माणूस मला अजून भेटलेला नाही. आमच्या कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यात तर या कौतुकाला आपलेपणाचीही जोड असते, कारण मालेगाव तालुक्यातील कवळाणे गावचा गोपाळ नावाचा बारा वर्षांचा मुलगा १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि पुढे महाराजा सयाजीराव गायकवाड झाला, ही गोष्ट आमच्याकडे शाळेच्या पुस्तकाआधी आजीकडून कळते. त्यामुळे माझ्या भाचीला बडोद्यातील एका कारखान्यात नोकरी लागली तेव्हा घरात कोणीच काळजी केली नाही. ‘पुण्यापेक्षा स्वस्त, मुंबईपेक्षा शांत आणि मुलींना सुरक्षित’ असा निकाल बहिणीने बसल्या जागी देऊन टाकला. राहण्याची सोय मात्र बसल्या जागी होणार नव्हती. म्हणून जानेवारीच्या अखेरीस मी भाचीबरोबर निघाले. तिने घर पाहावे आणि दोघींनी मिळून शहर पाहावे, असा बेत होता.

गुरुवार

नाशिकहून सापुतारामार्गे जाणाऱ्या रात्रीच्या बसने आम्ही पहाटे पोहोचलो तेव्हा चांगलीच थंडी होती. उत्तरायण होऊन दोन आठवडे झाले होते, तरी झाडाझाडांत आणि विजेच्या तारांवर फाटके पतंग लटकलेले होते. या दिवसांत दुचाकीवरून जाणाऱ्यांनी गळ्याभोवती रुमाल गुंडाळणे इष्ट, कारण तुटलेला मांजा दिसत नाही आणि कापल्याशिवाय कळत नाही. आम्ही सयाजीगंजात उतरलो. रेल्वे स्थानक, एसटी स्थानक, विद्यापीठ आणि कमाटी बाग हे सर्व तेथून पायी अंतरावर असल्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याने याच भागात मुक्काम करावा, असे मी सुचवीन.

सकाळची न्याहारी कीर्तिस्तंभाजवळ सेव-उसळीची झाली. मिसळीच्या गावाहून आलेल्या माणसाने सेव-उसळीला नावे ठेवायची असतात, असा आमच्याकडे अलिखित नियम आहे. तो मी मोडते. पांढऱ्या वाटाण्याची पातळ उसळ, वर मूठभर जाड शेव, बारीक चिरलेला कांदा, हिरव्या लसणीची चटणी आणि बाजूला हवी तेवढी घालून घेण्यासाठी लालभडक तरी. मोड आलेल्या मटकीचा भारदस्तपणा तिच्यात नाही, पण चव अधिक मोकळी आहे, आणि गुजरातेत सगळेच गोड असते हा समज पहिल्या दोन घासांतच निघून जातो. ज्यांना गोडच हवे आहे त्यांच्यासाठी लीलो चेवडो आहे. बटाट्याचा कीस आणि हरभऱ्याची डाळ यांचा हा ओलसर, गोड-तिखट चिवडा कुरकुरीत नसतो, म्हणून पहिल्यांदा खाणाऱ्याला तो शिळा वाटतो. दुसऱ्यांदा खाणारा अर्धा किलो बांधून घेतो. आम्ही दुसऱ्यांदा रविवारी खाल्ला.

दुपारी लक्ष्मी विलास राजवाडा पाहिला. बकिंगहॅम राजवाड्याच्या चौपट असे त्याचे वर्णन प्रत्येक रिक्षावाला करतो. मोजून पाहिलेला कोणी भेटला नाही. मेजर चार्ल्स मँट याने आराखडा केला, तो अकाली वारला, रॉबर्ट चिझम याने काम पुढे नेले आणि १८९०मध्ये वास्तू पूर्ण झाली. दरबार हॉलमधील व्हेनिसच्या कारागिरांची मोझाइक फरशी आणि रंगीत काचांच्या बेल्जियन खिडक्या यांपुढे सगळेच पर्यटक आवाज खाली आणतात. मला मात्र आवारातील फत्तेसिंह संग्रहालय अधिक भावले. सयाजीरावांनी राजा रविवर्म्याला बोलावून पुराणकथांवरची चित्रे काढून घेतली. कॅलेंडरांवर, देव्हाऱ्यांत आणि किराणा दुकानांत आयुष्यभर पाहिलेल्या चेहऱ्यांचे मूळ कुळ तेथे तैलरंगांत समोर उभे राहते, आणि छपाईत हरवलेला साडीच्या जरीचा रंग प्रथमच दिसतो. राजवाडा सोमवारी बंद असतो. आत छायाचित्रे काढू देत नाहीत. तिकिटाबरोबर मिळणारे श्राव्य मार्गदर्शन नाकारू नये, कारण दालनांत पाट्या फारच कमी आहेत.

संध्याकाळी सूरसागर तलावाच्या काठावर बसलो. तलावाच्या मध्यभागी शंभर फुटांहून उंच शंकराची मूर्ती आहे आणि भोवती खाण्याच्या गाड्या. भाचीने पहिल्याच संध्याकाळी जाहीर केले, “मावशी, मला हे गाव आवडले.” मी म्हटले, “तू अजून पाहुणी आहेस.”

शुक्रवार

हा दिवस नोकरीचा. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत भाचीला कागदपत्रे द्यायची होती, म्हणून मी फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर तासभर बसले. तेथे जेवढी माहिती मिळाली तेवढी कोणत्याही जाहिरातीत मिळाली नसती. दुचाकी टेकवून आलेला, साताऱ्याकडचा एक फोरमन माझे मराठी ऐकून थांबला. त्याचे म्हणणे असे की, यंत्र, वीज आणि रसायन या तीन विद्यांपैकी एक हातात असेल तर बडोद्यात माणूस उपाशी राहत नाही. संगणकाची विद्या असेल तर मात्र पुणे-बंगळूरच बरे. “पगार तिकडच्यापेक्षा कमी आहे, ताई, पण सहा वाजता सुटलो की साडेसहाला घरी असतो.” पुण्याच्या वाहतुकीत आयुष्याचा हिशेब मांडणाऱ्यांनी हे वाक्य लिहून ठेवावे.

त्याच्या म्हणण्याला इतिहासाचा आधार आहे. १८९०मध्ये सयाजीरावांनी येथे कलाभवन काढले. सुतारकाम, रंगकाम, यंत्रकाम, चित्रकला असे हाताचे शिक्षण देणारी ही संस्था. दादासाहेब फाळके तेथेच शिकले. १९०७मध्ये अलेंबिक ही औषध कंपनी आली, १९०८मध्ये बँक ऑफ बडोदा स्थापन झाली. म्हणजे कारागीर, कारखाना आणि भांडवल यांची सोय एका संस्थानाने वीस वर्षांच्या आत लावली होती. स्वातंत्र्यानंतर १९६२मध्ये गुजरात स्टेट फर्टिलायझर्स, १९६५मध्ये कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना, १९६९मध्ये इंडियन पेट्रोकेमिकल्स असे मोठे उद्योग आले, ते या तयार जमिनीवर. ऑक्टोबर २०२४मध्ये टाटा आणि एअरबस यांच्या सी-२९५ विमानांच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. हवाई दलासाठी घेतलेल्या ५६ विमानांपैकी ४० येथे बांधली जाणार आहेत. टपरीवरची तरुण मुले त्याविषयी, आपल्या मामाचाच कारखाना असावा, अशा थाटात बोलत होती.

या कौतुकाला एक वासही आहे. वारा फिरला की उत्तरेकडील रासायनिक वसाहतींच्या बाजूने तो येतो, आणि ‘बडोद्याची हवा छान’ असे म्हणणारे बहुधा दक्षिण बाजूस राहतात. नंदेसरीच्या दिशेला घर घेणाऱ्याने ते आधी रात्री जाऊन पाहावे.

दुपारनंतर मांडवीकडे गेलो. मांडवीच्या चौकात उभे राहिले की चारी दिशांना जुन्या कोटाचे दरवाजे लक्षात येतात, आणि मधल्या गल्ल्यांत साड्या, पितळी भांडी, पतंग आणि लग्नाच्या पत्रिका यांचा बाजार दाटलेला असतो. तेथून जवळच मध्यवर्ती ग्रंथालय आहे. पर्यटक तेथे सहसा जात नाहीत, पण माझ्या मते बडोदे समजून घेण्यासाठी राजवाड्यापेक्षा ही वास्तू अधिक उपयोगाची आहे. सयाजीराव अमेरिकेत गेले, तेथील सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी पाहिली आणि १९१०मध्ये विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला थेट बडोद्याला आणले. पुस्तकांच्या मनोऱ्यात लोखंडी मांडण्या आहेत आणि मजल्यांच्या जमिनी जाड काचेच्या आहेत, जेणेकरून वरचा उजेड खालच्या मजल्यापर्यंत उतरावा. त्या काचेवर पाय ठेवताना भाची प्रथम कचरली. मराठी पुस्तकांचे कपाट उघडून दाखवणाऱ्या कर्मचारी बाईंनी सांगितले की, जुनी मराठी पुस्तके मागणारे आता प्रामुख्याने पीएच.डी.चे विद्यार्थी आणि निवृत्त लोक असतात. बॉर्डनच्या काळात येथून लाकडी पेट्यांत भरून पुस्तके खेड्यापाड्यांत जात असत. ज्या राज्यात १९०६पासून प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले होते, तेथे वाचायला शिकलेल्या मुलाला पुढे वाचायला काय द्यायचे, हा विचार कोणीतरी केला होता. एखाद्या शहराचे नाव अशा पेट्यांनीही होते.

शनिवार

हा दिवस घराचा, आणि तो आधीच्या दोन दिवसांसारखा गेला नाही.

दलालाने सकाळी चार जागा दाखवायचे कबूल केले होते. पहिली अकोट्यात, दुसरी वासणा रस्त्यावर, उरलेल्या दोन मांजलपुरात. जागा उत्तम होत्या. पुण्यात याच भाड्याला एक खोली आणि शेजाऱ्याचे भांडण मिळते, येथे दोन खोल्या, गच्ची आणि समोर कडुनिंब. पण कुलूप उघडण्याआधी प्रश्न सुरू होत. एकटी राहणार का, रात्रपाळी असते का, मांसाहार करता का, इथपर्यंतचे प्रश्न पुण्या-मुंबईतही विचारतात. पुढे आडनाव विचारले गेले, आणि आडनावावरून उलगडा झाला नाही तेव्हा सरळ जात. पहिल्या घरमालकाने ती अतिशय गोड आवाजात विचारली, वर “बेन, वाईट वाटून घेऊ नका, सोसायटीचा नियम आहे” असेही सांगितले. भाचीने तितक्याच गोड आवाजात “लेखी नियम दाखवाल का?” असे विचारल्यावर ती जागा नुकतीच दुसऱ्याला दिल्याचे त्यांना आठवले. दुसऱ्या ठिकाणी अंडी चालणार नाहीत, एवढ्यावर निभावले. तिसऱ्या ठिकाणी अविवाहित मुलगी नको होती.

एका सकाळीवरून शहराचा न्याय करू नये, हे खरे. पण हा केवळ माझ्या सकाळचा अनुभव नाही. बडोद्याच्या अनेक भागांना अशांत क्षेत्रांचा कायदा लागू आहे आणि तेथे मालमत्ता विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दंगलींच्या काळात भीतीपोटी होणारी विक्री रोखण्यासाठी केलेला हा कायदा आज हिंदू-मुसलमानांच्या वस्त्या वेगळ्या राखण्याच्या कामी येतो, असे त्याचे टीकाकार म्हणतात. २०२४मध्ये महापालिकेच्या गृहयोजनेत घर मिळालेल्या एका मुस्लीम स्त्रीविरुद्ध तेथील रहिवाशांनी निदर्शने केल्याचे सर्वांनी वाचले आहे.

दुपारी आम्ही कमाटी बागेत गेलो. कागदोपत्री ती सयाजी बाग. १८७९पासूनची ही बाग प्रचंड आहे आणि शनिवारी निम्मे बडोदे तेथे असते. बागेतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा, इजिप्तची ममी आणि अकोट्यात सापडलेल्या जैन धातुमूर्ती असा अजब शेजार आहे. लहान मुले देवमाशापाशी रेंगाळतात. मोठ्यांनी धातुमूर्तींपाशी रेंगाळावे, त्या फार सुंदर आहेत.

मला मात्र बागेतल्याच संकल्पभूमीकडे, बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मृतिस्थळाकडे, जायचे होते. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर करारानुसार राज्याची नोकरी करण्यासाठी १९१७च्या सप्टेंबरात बडोद्याला आले. शहरात त्यांना घर मिळेना. अखेरीस एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव लावून ते राहिले. अकराव्या दिवशी हातांत काठ्या घेतलेल्या पारशी लोकांच्या जमावाने येऊन त्यांना संध्याकाळच्या आत बाहेर पडण्यास बजावले. दोन मित्रांची दारे त्यांनी ठोठावली, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांनीही सभ्य कारणे सांगितली. मुंबईची गाडी रात्री नऊला होती आणि मधले पाच तास त्यांनी या बागेत काढले. हे सर्व बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्या दिवसाच्या स्मरणार्थ दरवर्षी २३ सप्टेंबरला येथे हजारो लोक येतात.

सयाजीराव हे काही नावापुरते सुधारक नव्हते. अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा त्यांनी १८८०च्या दशकाच्या आरंभीच काढल्या होत्या, आणि सवर्ण शिक्षक मिळत नाहीत म्हणून मुसलमान शिक्षक नेमले होते. राजाने शाळा काढली, शिष्यवृत्ती दिली, नोकरी दिली. त्याच्या राजधानीत भाड्याची खोली मात्र त्याच्या हुकमाने मिळू शकली नाही. बाबासाहेबांच्या जागेशी भाचीच्या सकाळची बरोबरी करण्याचा वेडेपणा मी करणार नाही. तिच्या हातात कायदा आहे, फोन आहे, चौथ्या घराचा पत्ता आहे. पण आडनाव विचारण्याची रीत तीच आहे, आणि ‘संस्कारी नगरी’ असे जागोजागी लिहिलेल्या शहरात ती पाहिल्यावर मी काही वेळ बाकावर बसून राहिले. भाची म्हणाली, “मावशी, पुण्यात तरी वेगळे काय असते?” तिचे बरोबर होते. मग आपण बडोद्याचेच कौतुक एवढे का करतो, हा माझा प्रश्न होता, आणि तो मी तिला विचारलाही. तिने दाणे संपवले आणि उत्तर दिले नाही.

परतताना विश्वामित्रीच्या पुलावर गर्दी दिसली. खाली काठावर तीन मगरी उन्हात पसरल्या होत्या. ऐन शहरातून वाहणाऱ्या या नदीत मगरींची मोठी वसाहत आहे, आणि थंडीत त्या ऊन खाण्यासाठी काठावर येतात, म्हणून पाहायच्या असतील तर डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. ऑगस्ट २०२४च्या पुरात हीच नदी वस्त्यांत शिरली आणि तिच्यासोबत मगरीही रस्त्यांवर आल्या. पुलावरच्या शेंगदाणेवाल्याने त्या दिवसांचे वर्णन ‘भाडेकरू आले होते’ अशा शब्दांत केले. त्यांना आडनाव कोणी विचारले नसावे.

घर घेताना किंवा भाड्याने घेताना २०२४मध्ये पाणी कुठपर्यंत आले होते, हे तळमजल्यावरच्या दुकानदाराला विचारावे. भिंतीला नवा रंग दिलेला असतो. दुकानदाराचे फ्रीज बुडालेले असते.

रविवार

बहिणीच्या ओळखीतून दांडिया बाजारातल्या एका मराठी कुटुंबात जेवणाचे बोलावणे होते. या भागात आजही वाड्यांच्या दारांवर मराठी आडनावे आहेत, गणपतीत ढोल वाजतात, आणि माणिकरावांच्या आखाड्यात मुले मल्लखांब करतात. घरचे आजोबा ऐंशीच्या पुढचे, विद्यापीठातून निवृत्त झालेले. खिडकीकडे हात करून “बारी उघडी ठेवा, हवा चांगली आहे,” असे त्यांनी नातसुनेला सांगितले आणि पंक्तीत वरण-भाताशेजारी उंधियू आले. २०१८चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यात झाले, त्याचा मंडप कसा भरला होता हे त्यांनी उत्साहाने सांगितले. नातवंडे मराठी समजतात, उत्तर गुजरातीत देतात, हेही हसत सांगितले.

मी त्यांना आदल्या दिवशीची हकिकत सांगितली. ते सारवासारव करतील, असे मला वाटले होते. त्यांनी पानातली मिरची बाजूला केली आणि म्हणाले, “आमच्या वाड्यातसुद्धा वीस वर्षांपूर्वीपर्यंत असेच विचारत होते. विचारणारा मीच होतो.” मग सुनेकडे वळून त्यांनी फतेगंजमधल्या एका ओळखीच्या बाईंना फोन लावायला सांगितले. विद्यापीठाजवळ असल्यामुळे फतेगंजात परगावच्या विद्यार्थ्यांची, कलाकारांची वस्ती जुनी आहे. १९५०मध्ये सुरू झालेल्या ललित कला शाखेने ना. श्री. बेंद्रे, के. जी. सुब्रमण्यन, गुलाममोहम्मद शेख, भूपेन खख्खर अशा चित्रकारांचे शहर म्हणून बडोद्याची आणखी एक ओळख तयार केली, आणि बाहेरून येणाऱ्या निरनिराळ्या माणसांची सवय या भागाला बहुधा तेव्हापासून आहे.

बाई निवृत्त शिक्षिका होत्या. वरच्या मजल्यावरची एक खोली आणि स्वयंपाकघर. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या: कारखान्याची बस कोणत्या नाक्यावर येते, आणि मांजर चालेल का. भाचीने मांजराला आधी होकार दिला.

वेळ उरला म्हणून विश्वामित्रीच्या पुलाजवळचे कीर्तिमंदिर पाहिले. गायकवाडांच्या स्मारकाच्या या वास्तूत नंदलाल बोस यांनी भिंतींवर गंगावतरण, महाभारताचे युद्ध आणि मीरेचे चरित्र रंगवले आहे. आम्ही होतो तोवर दुसरे कोणी आले नाही. पावागड-चांपानेर मात्र राहून गेले. जागतिक वारसायादीतले ते ठिकाण पन्नासेक किलोमीटरवर आहे आणि त्यासाठी पूर्ण दिवस राखून ठेवावा.

घरासंबंधी एवढे सांगते. दलालाकडे जाण्याआधी विद्यापीठाच्या किंवा कारखान्याच्या माणसांकडे चौकशी करावी. तोंडी ओळखीने मिळालेल्या घरात प्रश्न कमी असतात. भाडेकरार नोंदवून घ्यावा, पोलिसांकडची भाडेकरूची नोंद घरमालकाला करायला लावावी. नोकरी मकरपुऱ्यात असेल तर मांजलपूर जवळ पडते, हालोल-सावलीकडे असेल तर शहराच्या पूर्वेकडचे आणि उत्तरेकडचे भाग. भाची फतेगंजातून मकरपुऱ्याला जाते, म्हणजे रोज शहर ओलांडते, आणि तिला अर्धा तास जास्त लागतो. तिच्या मते तो अर्धा तास भाड्यात धरावा.